उकिरड्याचा तळ

आमच्या गावात माणसाची किंमत ज्या वस्तूवरून ठरायची, तिचं नाव काढलं की माझे शहरातले स्नेही नाकाला रुमाल लावतात. म्हणून मी ते नाव मुद्दाम जेवणाच्या पंगतीत काढतो. दारापुढचा उकिरडा! घर धाब्याचं असो नाहीतर कौलारू, पाहुणा आधी उकिरडा बघायचा. उकिरडा मोठा म्हणजे जनावरं जास्त, जनावरं जास्त म्हणजे रान जास्त, आणि रान जास्त म्हणजे त्या घरातली माणसं शहाणी. शेवटची पायरी कशी लागायची ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण सगळ्या गावाला ती कळत होती.

आमचं गाव पलूस आणि आष्टा यांच्या मधे, कृष्णेच्या अंगाला. गावातला सगळ्यात उंच उकिरडा आमचा. तो तसा उंच झाला माझ्या चुलत्यांमुळे. लढाई संपली तसे ते पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आले. येताना त्यांनी एक ट्रंक, एक शिट्टी, एक काठी आणि जमादार हा हुद्दा एवढं बरोबर आणलं. अक्कल तिकडंच कुठंतरी जमा करून आले असावेत. माझे वडील त्याच साली वारले होते, त्यामुळे घरादाराचा, बैलांचा, उसाचा आणि माझा ताबा त्यांच्याकडं गेला. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास आणि म्हणून कुठल्याही कामाला निरुपयोगी होतो.

जमादारांनी पहिल्या आठवड्यातच उकिरड्याची तपासणी केली. काठी बगलेत धरून त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग हुकूम सुटला: कडा काटकोनात आल्या पाहिजेत. त्याभोवती धोंडे मांडून त्यांना चुना लावण्यात आला. शेण हे कुठल्याही हुकुमाला न जुमानता पसरतं, पण जमादारांनी हार मानली नाही. उंची कमी पडायला लागली तेव्हा उसाचं पाचट, चुलीची राख, बांधावरची उपटलेली हराळी, जे मिळेल ते वर चढवलं. दोन वर्षं त्यातली एक पाटीसुद्धा रानात जाऊ दिली नाही. खत रानात गेलं तर दारात काय राहणार?

एवढं खरं की त्यांचा डाव एकदा साधला होता. त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला औंधाकडचे पाहुणे आले ते गाडीतून उतरले आणि उकिरड्यापाशीच थबकले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं टोपी मागं सारून शेंड्यापर्यंत नजर नेली आणि ओला नारळ फोडल्यासारखा समाधानाचा आवाज केला. मुलगी त्यांनी नंतर, चहाबरोबर पाहिली. लग्न ठरलं. त्या दिवसापासून जमादार सकाळी तोंड धुण्याआधी उकिरड्याचं दर्शन घ्यायला लागले.

आता या ढिगाखाली कोण होतं ते सांगतो. माझी आत्ती. जमादारांची धाकटी बहीण, अकरा वर्षांपूर्वी कपाळ पांढरं करून माहेरी आलेली. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी तिला दीड एकराचा एक तुकडा चोळीबांगडीला म्हणून दिला. कागद नाही, शिक्का नाही, नुसता चार माणसांसमोर दिलेला शब्द. आत्तीनं त्या शब्दावर आपलं जगणं उभं केलं. ती राहायची आमच्यात, पण तिची कणगी वेगळी, जात्यावरचं दळण वेगळं. ताटातली भाकरी आपल्या रानातली आहे एवढ्या एका गोष्टीवर ती गावात मान वर करून चालायची. त्या बदल्यात म्हणा किंवा कशाच्याही बदल्यात नाही म्हणा, गोठ्यातलं सगळं शेण तीच भरायची. दारापुढं माती काढून पडलेला एक जुना खड्डा होता. त्यात पहिली पाटी तिनं टाकली आणि तिथून हा उकिरडा सुरू झाला. वडील होते तोवर दर उन्हाळ्यात वरवरचं खत निघायचं, त्यातल्या आठ गाड्या तिच्या रानाला मिळायच्या. तळाला कुणी कधी हात घातला नव्हता.

जमादार आल्यावर त्या आठ गाड्या बंद झाल्या. दोन वर्षांत तिचं रान उतरलं. शाळूची कणसं अंगठ्याएवढी निघाली आणि कणगी अर्ध्यावर आली. जमादारांनी ते बरोबर हेरलं, कारण तिचा तुकडा त्यांच्या उसाला लागून होता आणि मोटेचं पाणी तिथवर न्यायचं त्यांच्या मनात होतं. पाडव्याच्या दिवशी, वर्षाच्या शेतीचा बेत ठरवायचा त्या मुहूर्तावर, त्यांनी तिला ओसरीवर बोलावलं.

"हे बग, यंदा त्या रानातनं वरीसभराचं दाणं आलं तर तुजं. न्हाई आलं तर फुडल्या साली ते उसात घालायचं."

"आनि मी काय खाऊ, दादा?"

"आमी काय तुला उपाशी ठेवनार हाय व्हय? घरातच खाशील की!"

ते मोठ्या मनानं बोलले. आत्तीचा चेहरा मात्र कुणी तोंडावर थुंकल्यासारखा झाला. ती म्हणाली, "मग खत द्या."

"बगू," जमादार म्हणाले.

बघण्यासाठी त्यांनी त्याच सकाळी सभा भरवली. जागा अर्थातच उकिरड्याची सावली. विषय: खत रानात टाकावं की टाकू नये. भावकीतले दोघं आले आणि लिहायला मी. कागदाच्या मधोमध रेघ मारून मी एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला फायदा असं लिहिलं आणि स्वतःच्या विद्वत्तेवर खूश होऊन बसलो.

पहिला होता तो आमच्या शेजारचा. त्याचे बैल इतके रोड होते की उभे राहिले तरी खाली बसल्यासारखे दिसायचे. तो म्हणाला, "खत म्हंजी बैलाचं मरान, जमादार. एक उकिरडा उपसायचा म्हंजी साठ खेपा. चैताच्या उन्हात! भरायला चार मानसं, पसरायला दोन बाया. आनि वर काय, तर तन. उकिरड्यातनं जेवढं बी रानात जातंय, तेवढं पाखरं पन नेत न्हाईत."

मी खर्चाच्या बाजूला बैल, माणसं आणि तण लिहिलं. यात खोटं काही नव्हतं. फक्त या गृहस्थानं आयुष्यात एकदाही साठ खेपा मारल्या नव्हत्या. तो दुसऱ्यांच्या खेपा मोजायचा.

दुसऱ्यानं त्या वर्षी कुठूनतरी पांढऱ्या खताचं पोतं पैदा केलं होतं. तो हसला. "आवं, कुटल्या जगात हाय तुमी? पोत्यात येतंय आता खत. साकरंवानी. मूठमूठ टाकायचं, पानी सोडायचं, आठ दिसांत ऊस काळाभोर. एका पोत्यात असले दोन उकिरडे बसत्यात."

"आनि तुज्या पोत्याला बगाया कोन येतंय रं?" जमादारांनी विचारलं.

माझ्या शाळेच्या पुस्तकात शेणखतानं जमीन भुसभुशीत होते, ओल धरते, एकदा टाकलं की तीन वर्षं पुरतं, असं काहीबाही होतं. ते मी फायद्याच्या बाजूला घातलं. जमादारांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि म्हणाले, "लग्नं ऱ्हायली." मग मी फायद्यात लिहिलं: लग्नं, एक झालेलं, एक व्हायचं. हा कागद मी जपून ठेवायला हवा होता. माणसाच्या मूर्खपणाचा इतका स्वच्छ अक्षरातला पुरावा सहसा मिळत नाही.

तेवढ्यात आत्ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन आली. सभेच्या मधूनच गेली, पाटी रिकामी केली आणि परत जाताना माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती.

"ह्यो खर्च आनि ह्यो फायदा व्हय?"

"व्हय."

"मग माजी अकरा वर्सांची पाटी कुटल्या अंगाला लिवलीस रं?"

मी कागदाकडं बघितलं. जमादार खोकले. पांढऱ्या खताच्या पोत्यानं आभाळ बघितलं. ती पाटी खरंच कुठल्याच बाजूला नव्हती.

त्याच आठवड्यात धाकट्या मुलीचेही पाहुणे येऊन, उकिरडा आणि मग मुलगी बघून, पसंती देऊन गेले. ढिगाचं काम झालं होतं. आता तो फोडायला हरकत नाही असं जमादारांनी जाहीर केलं. ते काही शेतीच्या कळवळ्यानं नव्हे. लग्नाचा मांडव घालायला जागा पाहिजे होती.

आता वाटणी. जमादारांचं खताविषयीचं ज्ञान त्यांच्या नाकात होतं. पलटणीत त्यांनी रमची पारख वासावरून केली होती आणि तोच नियम ते शेणाला लावत. ज्याचा भपकारा डोक्यात जातो ते खत कडक. ज्याला वास नाही ते मेलेलं. गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की कुजून वास मेला म्हणजेच खत तयार झालं. पण जमादारांना विचारायची सवय नव्हती आणि गावाला सांगायची. उलट दुसऱ्याचं रान बिघडताना बघण्यासारखी करमणूक आमच्याकडं दुसरी नव्हती.

तरी जमादारांना एक साक्षीदार हवा होता. त्या उन्हाळ्यात जतकडचा एक म्हातारा मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरला होता. रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं आणि बदल्यात धान्य घ्यायचं, हा त्याचा दरसालचा रिवाज. त्याच्या बोलण्याला कानडी हेल असायचा. आठच दिवसांपूर्वी जमादारांनी शिट्टी वाजवून त्याची मेंढरं मोटेच्या पाण्यावरून हाकलून लावली होती, आणि आत्तीनं आडाचं पाणी ओढून दोणी भरून दिली होती. हे ध्यानात ठेवा. जमादारांनी ठेवलं नव्हतं.

म्हातारा आला. घोंगडं खांद्यावर टाकून त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. आतनं वाफ निघाली. मूठभर बाहेर काढून त्यानं हुंगलं. त्यात अर्धं कच्चं पाचट होतं, हिरव्या हराळीच्या गाठी होत्या आणि दोन पांढऱ्या, वाकड्या, जाडजूड अळ्या वळवळत होत्या. म्हाताऱ्यानं अळ्या अंगठ्यानं अलगद परत आत सारल्या.

"ह्यात लय जोर हाय, जमादार," तो म्हणाला.

"आनि तळाला?"

म्हातारा खड्ड्याच्या कडेला उतरला, खुरप्यानं उकरलं. खाली काळंभोर, चहाच्या पुडीसारखं मोकळं काहीतरी लागलं. ना वास, ना वाफ. त्यानं ते बोटांतून सोडलं. त्याची नजर क्षणभर गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या आत्तीकडं गेली.

"ह्ये? ह्येला काय वास न्हाई बगा. मातीच की."

आत्ती पुढं आली. तिच्याइतकी गरीब, बापुडवाणी बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्याबरोबर मी अकरा वर्षं एका घरात राहत होतो. पदर तोंडावर धरून ती म्हणाली, "दादा, चांगलं तुमी न्या. तुमचा ऊस मोठा. मला आपली तळाची माती दिलीसा तरी चालंल. इदवा बाईला काय, मातीच."

जमादारांना भरून आलं. दान देताना माणसाचा चेहरा किती ओंगळ दिसू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. "ने," ते म्हणाले. "सगळा तळ ने! कोन इच्यारनार हाय तुला?"

नंतर मी म्हाताऱ्याला आडावर गाठलं. म्हटलं, "बाबा, खोटं बोललासा की."

"मी? मी म्हनलो जोर हाय. कुनाचा ते त्यानी कुटं इच्यारलं? मुळं खानाऱ्या हुमनीला बी जोर लागतोयच की, गड्या."

मग गाड्या सुरू झाल्या. जमादारांचा वरचा ढीग आधी गेला. त्यांनी उसाच्या रानात सरळ रांगेत, मापून, छोट्या छोट्या ढिगल्या घातल्या आणि बांधावर उभं राहून डोळे भरून पाहिल्या. संचलनाला उभी पलटणच जणू! त्या ढिगल्या त्यांनी महिनाभर तशाच ठेवल्या, कारण येणारे-जाणारे बघत होते. वैशाखाच्या उन्हानं त्यातलं उरलंसुरलं सत्त्व कधीच वर गेलं. राहिलं ते पाचट, हराळी आणि अळ्या.

आत्तीच्या वाटणीच्या पंधरा गाड्या भरल्या. तिनं एकही ढिगली उभी राहू दिली नाही. गाडी रिकामी झाली की ती आणि मी पाटीनं खत पसरायचो आणि मागून लगेच ते मातीत मिसळायला कुळव फिरायचा. मी दमून बांधावर बसलो की ती म्हणायची, "ऊठ रं, कागदवाल्या. ऊन खातंय त्येला." मॅट्रिकच्या परीक्षेत मी इतका घाम गाळला असता तर बोर्डात आलो असतो.

पाऊस झाला. आषाढात जमादारांनी उसाची लागण केली आणि त्यांच्या रानात सगळ्यात आधी काय उगवलं असेल तर हराळी. भांगलायला बाया लावल्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाया इकडच्या बांधावर पोचेपर्यंत तिकडचा बांध परत हिरवा व्हायचा. तरी जमादार म्हणायचे, "बगा, खताला किती जोर हाय ते!" भादव्यात ऊस पिवळा पडायला लागला. त्यांनी एक ठोंब धरून ओढला तर तो ताटातलं लोणचं उचलावं इतक्या सहज हातात आला. मुळं नव्हतीच. खाली हुमणी, पांढरी, तुकतुकीत, जमादारांच्या खर्चानं पोसलेली. त्यांनी दुसरा ठोंब ओढला. मग तिसरा. मग काठी टाकून ते तिथंच सरीत बसले.

भावकीतले दोघे सांत्वनाला आले. बैलवाला म्हणाला, "मी म्हनलो हुतो, खत म्हंजी मरान." पोतेवाला म्हणाला, "मी म्हनलो हुतो, पोतं घ्या." दोघांचेही चेहरे बारशाला आल्यासारखे फुलले होते. आणि मी? मला तो कागद आठवत होता. शेणखत चांगलं की वाईट असला अडाणी प्रश्न आम्ही चौघं शहाणे दोन तास चघळत बसलो होतो. कुठलं, केव्हा आणि कुणी कुजवलेलं हे विचारायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आत्तीनं शाळू पेरला. त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर उघडला. माळाकडच्या रानांना मार्गशीर्षातच भेगा पडल्या. तिच्या रानात ढेकूळ फोडलं तर आत ओल असायची. ती रोज जाऊन एक ढेकूळ फोडायची, हातानं चाचपायची आणि परत यायची. पौषात कणसं मुठीएवढी झाली. फाल्गुनात खळ्यावर रास पडली तेव्हा ती तिच्या कमरेला लागत होती.

जमादार खळ्यावर आले. काठी होती, पण बगलेत नव्हती, टेकायला होती. त्यांनी राशीभोवती एक फेरी मारली. सवयच ती.

"माती टाकून एवढं पिकलं व्हय?"

"तुमीच दिलीसा की, दादा."

त्यांनी मूठभर दाणे उचलले, नाकाशी नेले, हुंगले. मग सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. त्या चेहऱ्यावर उजेड पडायला एरवी बराच वेळ लागायचा, त्या मानानं हे लवकरच झालं. "मग यंदा तळ माज्या उसाला," ते म्हणाले. "सगळा."

आत्ती सुपानं पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"न्या की. पन तळ हाय कुटं? त्यो तुमी मला दिलासा, सगळा. आता खड्ड्यात हाय ते औंदाचं श्यान. तळ पायजे असंल तर घ्या पाटी डोक्यावर, उद्यापास्नं. अकरा वर्सांनी निगंल."

मी हसलो. जमादारांनी माझ्याकडं बघितलं, पण हुकूम काही सुचला नाही. खळ्यावर चार माणसं होती, तीही ऐकत होती. आजोबांचा शब्द चार माणसांसमोरचा होता आणि जमादारांचा पाडव्याचा शब्दही आता सगळ्या भावकीला ठाऊक होता. रान तिचं राहिलं. त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

दुपारी आत्तीनं नव्या शाळूच्या भाकरी खळ्यावरच थापल्या, तीन धोंड्यांच्या चुलीवर. जमादार जायला निघाले होते, पण भाकरीचा वास सुटला आणि पाय थांबले. नाक त्यांना कुठंही न्यायचं. ते येऊन बसले. एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, ठेच्यात मीठ कमी आहे असं सांगितलं आणि तिसऱ्या भाकरीकडं बघून जरा घुटमळले.

आत्तीनं तव्यावरची भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"खा की, दादा," ती म्हणाली. "आमी काय तुमास्नी उपाशी ठेवनार हाय व्हय?"

जमादारांनी ती खाल्ली. आणि मग चौथीही.